कांबळे जीपमधे की मोटारीत

सात माणसं दोन गाड्यांत बसवायची, एवढंच काम होतं. लग्नसराईत निपाणीतलं कुठलंही शेंबडं पोर ते करून दाखवील. पण अक्काताई कांबळेला ते काही केल्या जमेना, आणि जमलं नाही तर तिचं बेंगलोर बुडणार होतं.

अक्काताई हे तिचं पाळण्यातलं नाव, आत्यानं हौसेनं ठेवलेलं. त्यामुळं साठीचे म्हातारेसुद्धा तिला ‘ए अक्काताई’ अशी हाक मारत, आणि पुरती अठरा वर्षांची व्हायच्या आत ती साऱ्या गल्लीची थोरली बहीण होऊन बसली होती. बाप देवाप्पा चिकोडीच्या कोर्टात शिपाई. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावानं पुकारा करायचा, आणि पुकारा नसेल तेव्हाही उभंच राहायचं, अशी त्याची नोकरी. आई शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत जायची. पीयूसीला, म्हणजे बारावीला, पोरीला मार्क चांगले पडले होते. आता पुढं काय, हा प्रश्न घरात फिरत असतानाच देवाप्पाच्या कानावर कोर्टात बातमी आली, की बेंगलोरला कायद्याचं नवं कॉलेज निघालंय, पाच वर्षांचं, पीयूसी झाली की थेट आत घेतात, फक्त एक परीक्षा काढायची. त्या दिवशी देवाप्पा घरी येताना जिलेबी घेऊन आला. परीक्षा अजून व्हायची होती, पण जिलेबी खाऊन झाली.

हे अठ्ठ्याऐंशी सालातलं. तसली परीक्षा निपाणीत कुणी पाहिलेली नव्हती. इंग्रजी होतं, ते अक्काताईनं रट्टा मारून आणलं. सामान्य ज्ञान होतं, ते वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर भागलं. अडलं ते गटांच्या प्रश्नांपाशी. अमुक इतकी माणसं, त्यांचे दोन गट करा, हा त्याच्याबरोबर नको, तो आला तर ही जायला हवी, मग सांगा कोण कुठं. नमुन्याच्या प्रश्नपत्रिकेत माणसांना नावंसुद्धा नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांकडं बघून अक्काताईला घेरी यायची.

नमुन्याची प्रश्नपत्रिका मारुतीराव वकिलांनी आणवली होती, आपल्या भाच्यासाठी. भाचा परशराम त्याच परीक्षेची तयारी करायला मामाकडं येऊन राहिला होता. देवाप्पानं कोर्टाच्या व्हरांड्यात हात जोडून विचारलं, “सायेब, आमची पोरगी बी बसली असती शिकवणीला.” मारुतीराव म्हणाले, “मग पाठव की. एकाला शिकवायचं ते दोघांना.” मारुतीराव हा मनानं मोठा माणूस. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यांच्याबद्दल बरंवाईट बोलायचं आहे.

शिकवणी संध्याकाळी व्हायची, वकिलांच्या सोप्यात. पक्षकार येऊन बसतात तोच पुढचा सोपा, घोंगडं अंथरलेला. पहिल्याच दिवशी मारुतीरावांच्या ध्यानात आलं, की पोरगी अक्षरांना बिचकते. त्यांना वाटलं, अक्षरांच्या जागी माणसं घातली तर समजेल. कोर्टात न्यायाधीशाला एखादी गोष्ट पटत नसली की ते असंच काहीतरी घरगुती उदाहरण द्यायचे, आणि ते लागू पडायचं.

“हे बघ,” ते म्हणाले, “एक जीप आहे, एक मोटार. जीपमधे चौघं, मोटारीत तिघं. माणसं कोण? जोशी, पाटील, शेट्टर, मुल्ला, चव्हाण, भोसलेमावशी आणि कांबळे. झाली सात? आता नियम ऐक. पाटील आणि शेट्टर एका गाडीत बसत नाहीत. चव्हाण आणि भोसलेमावशी एकाच गाडीत बसतात. आणि जोशी जीपमधे असले तर मुल्ला मोटारीत. संपले नियम. आता सांग, जोशी आणि पाटील दोघं मोटारीत बसले, तर मोटारीतला तिसरा कोण?”

आडनावं त्यांनी तोंडाला येतील तशी घेतली होती. त्यात त्यांच्या मनात काही नव्हतं. पण निपाणीत आडनाव घेतलं की त्यामागून गल्ली येते, गल्लीमागून पाणवठा येतो, पाणवठ्यामागून आजा-पणजा येतो, आणि एवढं सगळं एका मोटारीत मावायचं कसं?

अक्काताईनं बराच वेळ डोकं खाजवलं आणि सांगितलं, “मुल्ला.”

“आणखी कोण चालेल?”

“आणखी कोण न्हाय. मुल्लाच.”

“का?”

“चव्हाण आन् मावशी दोघं हाईत, एका जागंत मावत न्हाईत. शेट्टर पाटलासंगं बसत न्हाय. ऱ्हायला मुल्ला.”

“आणि कांबळे?”

अक्काताई घोंगड्याची दशी ओढायला लागली. मारुतीरावांना वाटलं, विसरली असेल. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती जमिनीकडं बघत म्हणाली, “कांबळे कसा बसंल सर? मोटारीत जोशी हाय.”

“जोशी आणि कांबळे एकत्र बसत नाहीत असं कुठं म्हटलंय मी?”

“तुम्ही न्हाय म्हटलासा.”

“मग कागदावर कुठं लिहिलंय?”

“लिवलेलं न्हाय. पर बसणार न्हाईत.”

परशराम खुर्चीवर पाय हलवत बसला होता, तो फिस्सकन हसला. “मामा, मुल्ला किंवा कांबळे. दोन्ही चालतंय. त्यात काय एवढं?” त्यानं उत्तर देऊन टाकलं आणि पुन्हा पाय हलवू लागला. परशराम काही फार हुशार नव्हता. पण कुणाला कुठंही बसवताना त्याचा हात अडत नसे. अक्काताईला त्याचा हेवा वाटला. ह्याला सुचतं कसं? तिनं कितीही जोर लावला तरी कांबळे मोटारीच्या दाराशी जाऊन परत यायचा.

मारुतीरावांनी मात्र मनापासून शिकवलं. “ज्यांचं जमत नाही त्यांना आधी वेगळं कर. एक इकडं टाक, एक तिकडं टाक. मग जोडीनं फिरणारे बघ, त्यांना दोन जागा लागतात, त्या कुठं शिल्लक आहेत ते मोज. ‘हा आला तर तो जातो’ असा नियम असला तर तो उलटाही वाच, म्हणजे तो गेला नसेल तर हा आलेला नाही. आणि ज्याच्यावर काहीच नियम नाही, तो मोकळा. त्याला शेवटी बसवायचा. तो कुठंही बसतो.”

“ह्यात मोकळा कोण सर?”

“कांबळे. दुसरं कोण?”

हे ऐकून ती अशी काही गोंधळली, की त्या दिवशीचं पुढचं शिकवणं तिच्या डोक्यावरून गेलं. कांबळे मोकळा. सातांत एकटा कांबळे मोकळा! घरी जाताना वाटेत ती हेच पुटपुटत होती.

घरी शेवंताबाई भाकरी थापत होती. लेकीनं तिला सगळी गोष्ट सांगितली, जीप काय, मोटार काय. शेवंताबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पर त्या पाटलाचं आन् शेट्टरचं कशावरनं बिनसलंय?”

“आई, ते सांगितलेलं नसतंय.”

“सांगितलेलं न्हाय तर मिटवायचं कसं? बांधावरनं आसंल. आन् ती भोसलेमावशी त्या चव्हाणाला सोडून का बसत न्हाय? भाऊ हाय का तिचा?”

“असंल कायतरी!”

“भाऊ आसंल तर बरं हाय,” शेवंताबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

देवाप्पा कोपऱ्यात चहा पीत होता. त्याला एवढंच विचारायचं होतं, की ह्या सगळ्यात पोरगी पास होणार का. अक्काताईनं “व्हईन की” म्हटलं, पण त्याला ते खरं वाटलं नाही, आणि तिलाही नाही.

पुढचे दिवस असेच गेले. मारुतीराव रोज नवीन माणसं आणत, रोज नवीन गाड्या, कधी पंगती, कधी पंचायतीच्या दोन कमिट्या. अक्काताई रोज कागदावर नसलेला एखादा नियम मधे घुसडायची. बाईमाणूस आहे म्हणून मोटारीत. म्हातारा आहे म्हणून पुढच्या सीटवर. हा मराठीवाला, तो कानडीवाला, म्हणजे कमिट्या वेगळ्या. मारुतीराव कपाळाला हात लावून म्हणायचे, “अगं, लिहिलेलं नाही ते धरायचं नाही. हमखास असेल ते वेगळं आणि चालेल ते वेगळं. तू चालेल त्याचंच हमखास करून ठेवतीस!” तिला ते कळायचं. वहीत लिहिताना मात्र हात आपला जुन्याच रस्त्यानं जायचा. हळूहळू दहातले चार यायला लागले, मग पाच. पाचावर येऊन गाडी थांबली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी देवाप्पा तिला न्यायला वकिलांच्या दाराशी आला होता. मारुतीराव बाहेर आले आणि म्हणाले, “देवाप्पा, शुक्रवारी सकाळी आम्ही निघतोय. मी, आमची ही आणि परशराम. शामू गाडी चालवेल. तुम्ही दोघं सकाळच्या बसनं या. बेंगलोरला उतरलात की भेटूच, परीक्षेच्या जागी मी घेऊन जाईन.”

“व्हय सायेब,” देवाप्पा म्हणाला. “लई उपकार झालं.”

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुढं निपाणीत दोन्ही बाजूंनी असं बोललं गेलं, की पोरीनं टोमणा मारला. कुणी तिला शाबासकी दिली, कुणी उद्धट म्हटलं. दोघंही चुकले. टोमणा तिच्या डोक्यातसुद्धा नव्हता. गेले कित्येक दिवस तिच्यापुढं गाडी आणि माणसं आली, की ती मोजायला लागायची, तशी ती आताही मोजायला लागली. वकिलांची अँबॅसिडर. पुढं तीन, मागं तीन. माणसं चार. उरल्या जागा दोन. बाहेर माणसंही दोन. मग बस कुठून आली? तिला वाटलं, आपलं नेहमीसारखं चुकलंय, कुठलातरी नियम ऐकायचा राहिलाय.

“सर,” ती म्हणाली, “एक नियम माझ्या ध्यानात आला न्हाय.”

“कुठला गं?”

“गाडीत जागा सहा. तुम्ही चौघं. ऱ्हायल्या दोन. मग आम्ही दोघं बसनं, ते कुठल्या नियमानं?”

आत माजघरात यशोदाबाई, वकिलांची बायको, तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. मारुतीराव आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगी हसत नाही, ती खरंच उत्तराची वाट बघतेय, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“शालू चढणार आहे काकतीला,” ते म्हणाले. “परशरामची आई. शिवाय तिचं सामान असतं.”

“मग पाच झाले,” अक्काताई म्हणाली. “शालूबाईंचा नियम आधी सांगितला असता तर मी...”

“अक्काताई!” देवाप्पा ओरडला. कोर्टात आयुष्यभर पुकारा केलेला गळा तो, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

“शिकवलं ते माझ्यावरच चालवतीस व्हय गं?” मारुतीराव म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारा माणूस रागात गावाकडं वळला. ते आत निघून गेले, आणि थोड्या वेळानं माजघरात सूप पुन्हा वाजायला लागलं.

 घरात पाय ठेवल्या ठेवल्या देवाप्पा सुटला. “गाडी त्यांची हाय! कुणाला घ्यावं, कुणाला घिऊ नये, त्यांची मर्जी. फुकट शिकवत हुता देवमाणूस, त्याला तू हिशेब इचारतीस? आता कोण शिकवणार तुला, मी?”

अक्काताई रडली नाही. ती विचारात पडली होती. आप्पाचं खरं होतं, गाडी त्यांचीच. शालूबाईचंही खरं असेल. काकती वाटेवरच आहे. यशोदाबाईंना गर्दीत मळमळत असेल. वकिलांच्या मनात आलंच नसेल. किंवा आलं असेल, आणि जे कागदावर लिहीत नाहीत तेच ते असेल. ह्यातलं कुठलंही चाललं असतं. हमखास एकही नव्हतं. सरांनी नेमकं हेच शिकवलं होतं, की असं असेल तेव्हा ‘सांगता येत नाही’ म्हणून पुढं जायचं. पण छातीत असं दुखत असताना पुढं जायचं कसं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की शालूबाई खरंच येणार असतील तर आपण एका भल्या माणसाला विनाकारण दुखवलं, आणि येणार नसतील तर त्या भल्या माणसानं आपल्याला. दोन्हींतलं एकही तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती शिकवणीला गेली, तेव्हा यशोदाबाई दाराशी येऊन म्हणाल्या, “आज ते चिकोडीहून आलं न्हाईत अजून.” गाडी मात्र दाराशी उभी होती. अक्काताई बरं म्हणून परतली आणि पुन्हा गेली नाही.

उरलेले दिवस तिनं घरी एकटीनं काढले. आडनावं लिहिली की पुन्हा तेच व्हायचं, म्हणून तिनं एक युक्ती केली. शेवंताबाईनं चिंच फोडून चिंचोके एका डब्यात ठेवले होते. त्यातले सात काढले, काहींवर खडूनं खुणा केल्या, पुढ्यात दोन ताटल्या घेतल्या. हा चिंचोका त्याच्याबरोबर नको. हे दोन जोडीनं. हा मोकळा. आणि काय आश्चर्य, भराभर जमायला लागलं. दहातले आठ. मग नऊ. चिंचोक्याला गल्ली नव्हती. मोकळा चिंचोका तिनं कुठंही टाकला तरी ताटली तक्रार करत नव्हती.

तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. परीक्षेत चिंचोके नेऊ देणार नव्हते, आणि प्रश्नात अक्षरं येतील की माणसं, कुणाला ठाऊक? माणसं आली तर? पहिली चार-पाच ती बसवील आणि मग तो एक जण दाराशी जाऊन उभा राहील. हा कोण मेला सारखा उभा राहतो, असं तिला झालं होतं. त्याला हाताला धरून बसवावं, तर तिचा हातच तिथवर पोचत नव्हता.

शुक्रवारी सकाळी बापलेक स्टँडवर आली. शेवंताबाईनं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. बेंगलोरची बस लागलेली होती. दोघं चढायला जातात तोच मागून हाक आली, “देवाप्पा, थांब.” बघतात तर मारुतीराव, हातात कातडी बॅग, कपाळावर घाम.

“सायेब, तुम्ही? आन् गाडी?”

“गाडी पुढं गेली. शामू नेतोय त्यांना. मला बसच बरी पडते.”

हे धादांत खोटं होतं. मारुतीरावांना बसचा धूर सोसत नाही, हे कोर्टातल्या चहावाल्यालाही माहीत होतं. देवाप्पा गोंधळला, आणि अक्काताई त्याहून. तिनं सवयीनं मोजलं. म्हणजे गाडीत आता जागा तीन झाल्या, शालूबाई चढल्या तरी दोन. सर आपल्यात आले, ते खरं. पण आपल्याला तिकडं नेण्यापेक्षा त्यांना स्वतः इकडं येणं सोपं वाटलं, हेही खरं. ह्याला माफी म्हणायचं का? की गाडी तशीच राहावी म्हणून केलेली तडजोड? तिला राग आला आणि त्यांची मायाही आली, आणि कुठल्या तोंडानं काय बोलावं ते कळेना, म्हणून ती नुसतं “या सर” म्हणाली.

तिघांच्या बाकावर मारुतीराव खिडकीशी बसले. त्यांनी तिला शेजारी बसवलं, आणि बाकाच्या कडेची जागा देवाप्पाला ठेवली. पण देवाप्पा बसेना. बसच्या दांड्याला धरून तो उभा राहिला.

“देवाप्पा, बस की.”

“बसतो की सायेब. जरा पाय मोकळं करतो.”

बस सुटली तरी तो पाय मोकळे करतच होता. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्यानं रिकामी जागा बघितली आणि कानडीत बसायला दटावलं, “कूडरी यजमान, कूडरी!” देवाप्पानं मान डोलावली आणि तसाच उभा राहिला. संकेश्वरला एक पागोटेवाला चढला आणि बसायला वाकला, तर देवाप्पानं त्याला हटकलं, “जागा हाय तिथं.” कुणाची, ते मात्र सांगितलं नाही. अशी ती जागा रिकामीही राहिली आणि राखलेलीही राहिली. मारुतीरावांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. मग त्यांनीही नाद सोडला.

काकती आली आणि गेली. अक्काताईनं मान वळवून बाहेर पाहिलं, पण तिथं शालूबाई सकाळी चढल्या होत्या का, हे रस्ता कसा सांगणार? सरांना विचारायचं धाडस तिला झालं नाही. बेळगाव मागं पडलं. मारुतीरावांची मान कलली आणि ते घोरायला लागले. तेव्हा कुठं, कित्तूरच्या आसपास, देवाप्पा हळूच टेकला. बाकाच्या अगदी कडेला, निम्मा आत, निम्मा बाहेर, एक हात अजून दांड्यावर. पाय भरून आले होते बिचाऱ्याचे. सकाळपासून तो उभाच होता.

अक्काताई त्याच्याकडं बघत राहिली. सर जागे होते तोवर आप्पा उभा होता. सर झोपले, आप्पा बसला. त्याला उभं राहा असं कुणी म्हटलं नव्हतं. सर तर बस म्हणत होते, कंडक्टर म्हणत होता, सारी बस म्हणत होती. कोर्टात उभं राहायची सवय म्हणून का? की वकील म्हणून? की ते दुसरं, जे तो घरीसुद्धा कधी बोलला नव्हता? काहीही असू शकेल. पण एक गोष्ट तिला आता लख्ख दिसली. तिच्या वहीत जो सारखा दाराशी जाऊन उभा राहायचा, तो हा होता. त्याला उभं राहिलेलं बघत बघतच ती लहानाची मोठी झाली होती.

धारवाडच्या अलीकडं बस खड्ड्यात आदळली. मारुतीराव दचकून जागे झाले. त्यांचे डोळे उघडतायत न उघडतायत तोच देवाप्पा ताडकन उठायला लागला.

अक्काताईनं त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

“आप्पा, उठायचं न्हाय.”

“अगं, सायेब जागं झाल्यात.”

“होऊ द्यात जागं.”

“सोड हात. लोक बघत्यात.”

“तुम्ही उठलासा तर मी हितंच धारवाडात उतरणार. परीक्षा न्हाय, बेंगलोर न्हाय, काय न्हाय.”

ती हळू बोलली नव्हती. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं. देवाप्पानं लेकीचं तोंड पाहिलं आणि त्याला कळलं, की ही उतरणार म्हणते म्हणजे उतरणार. त्यानं वकिलांकडं बघितलं.  मारुतीरावांनी बाकावर ठेवलेली आपली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि ते खिडकीला चिकटून बसले. अक्काताई त्यांच्याकडं सरकली. बाकावर जागा झाली.

देवाप्पा आत सरकला. त्याची पाठ पहिल्यांदा बाकाला लागली. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले. धारवाडच्या स्टँडवर बस थांबली, माणसं उतरली, माणसं चढली, आणि बस पुन्हा निघाली. मारुतीराव बाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं देवाप्पा लेकीच्या कानाशी वाकला.

“आता कुठवर बसायचं गं?”

“बेंगलोरपत्तर, आप्पा.”